तराजूवर अणू कसे मोजावेत आणि हव्या त्या संहतीचे द्रावण कसे बनवावे

अणू एकेक करून मोजता येत नाहीत, पण त्यांचा ढीग तोलता येतो. एका अणूचे वस्तुमान ठाऊक असले की वजनावरून संख्या निघते. रसायनशास्त्राची सगळी मोजदाद या एका युक्तीवर चालते आणि तिच्या मधोमध बसलेला असतो मोल. ग्रॅम दिले असोत, लिटर असोत की अणूंची संख्या, आधी मोल काढा आणि मगच पुढचे पाऊल टाका. मधली पायरी गाळून सूत्र पाठ करणाऱ्यांचे आकडे हमखास घसरतात.

मोल म्हणजे फक्त एक मोठी संख्या: ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात. पूर्वी ती १२ ग्रॅम कार्बन-१२ मधल्या अणूंवरून ठरायची. २० मे २०१९ पासून ६.०२२१४०७६ हा आकडाच व्याख्या म्हणून पक्का केला आहे. सोय अशी की आवर्तसारणीत दिलेले अणुवस्तुमान ग्रॅममध्ये तोलून घेतले की त्या मूलद्रव्याचे एक मोल अणू हातात येतात. तांब्याचा आकडा ६३.५५. म्हणून ६.३५५ ग्रॅम तांब्याची तार म्हणजे ०.१ मोल, म्हणजेच ६.०२२ गुणिले १० चा २२ वा घात इतके अणू.

आता संयुग घेऊ. मोरचूद, म्हणजे निळे कॉपर सल्फेट, शिकायला फार चांगले. कारण त्यात फसायची जागा आहे. तांब्याचा एक अणू, गंधकाचा एक आणि ऑक्सिजनचे चार, यांची बेरीज १५९.६. पण निळ्या स्फटिकात प्रत्येक एककामागे पाण्याचे पाच रेणू अडकलेले असतात. त्यांचे ९०.१ मिळवले की एका मोलचे वस्तुमान २४९.७ ग्रॅम होते.

समजा, ०.१ मोलर द्रावण २५० मिली हवे आहे. मोलर म्हणजे एक लिटर द्रावणात किती मोल. म्हणून ०.१ गुणिले ०.२५० लिटर, म्हणजे ०.०२५ मोल. त्याला २४९.७ ने गुणले की ६.२४ ग्रॅम. पाणी विसरून १५९.६ ने गुणलेत तर ३.९९ ग्रॅम तोलाल आणि द्रावण ०.१ ऐवजी जेमतेम ०.०६४ मोलर होईल. रंग निळाच दिसेल, चूक दिसणार नाही. म्हणून बाटलीवरचे लेबल गणिताच्या आधी वाचा.

याच ६.२४ ग्रॅममध्ये ऑक्सिजनचे अणू किती? एका एककात चार अधिक पाच, म्हणजे नऊ. ०.०२५ गुणिले ६.०२२ गुणिले ९: सुमारे १.३५ गुणिले १० चा २३ वा घात.

बनवताना तोललेले स्फटिक आधी बीकरमध्ये थोड्या ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवा. मग फनेलमधून २५० मिलीच्या व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये, म्हणजे मानेवर आकारमानाची खूण असलेल्या चंबूत, ओता. बीकर, काचकांडी आणि फनेल दोन-तीनदा थोड्या पाण्याने विसळून तेही आत जाऊ द्या. बीकरला चिकटलेला थेंब म्हणजे हिशेबातून गेलेले मोल. खुणेच्या जरा खालपर्यंत पाणी भरा आणि शेवटचे थेंब ड्रॉपरने सोडा. डोळे खुणेच्या पातळीत हवेत, आणि पाण्याच्या खोलगट पृष्ठाचा तळ खुणेला टेकायला हवा. मग बूच लावून फ्लास्क बऱ्याच वेळा उलटासुलटा करा. आधीच २५० मिली पाणी मोजून त्यात स्फटिक टाकणे चूक, कारण मोलॅरिटी द्रावणाच्या आकारमानावर ठरते, पाण्याच्या नव्हे. आणि पाणी खुणेच्या वर गेले तर जास्तीचे काढून भागत नाही, मोलही सोबत जातात. नव्याने सुरुवात करा.

विरल करणे सोपे: पाणी घातल्याने मोल बदलत नाहीत. वरच्या द्रावणातले २५ मिली पिपेटने दुसऱ्या २५० मिलीच्या फ्लास्कमध्ये घेऊन खुणेपर्यंत पाणी भरले की ०.०१ मोलर तयार. पिपेट तोंडाने ओढू नका, रबरी फुगा वापरा. तीव्र आम्ल विरल करायचे असेल तर आम्ल हळूहळू पाण्यात घाला, उलटे कधीच नाही.

काही पदार्थ मात्र तराजूलाही फसवतात. सोडियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्या तोलता तोलताच हवेतले बाष्प आणि कार्बन डायऑक्साइड शोषतात. त्यामुळे तोलून बनवलेले '०.१ मोलर' हा केवळ अंदाज. खरा आकडा अनुमापनाने, म्हणजे संहती ठाऊक असलेल्या द्रावणाशी अभिक्रिया करवून, काढायचा. ऑक्झॅलिक आम्लाचे स्फटिक कोरडे राहतात, म्हणून ते तोलून ०.०५ मोलर द्रावण बनवा. त्याचे १० मिली शंकुपात्रात घ्या, फिनॉल्फ्थॅलीन या अल्कलीत गुलाबी होणाऱ्या दर्शकाचे दोन थेंब टाका, चष्मा घाला आणि ब्युरेट या तोटीच्या मोजनळीतून अल्कली, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइडचे द्रावण, सोडा. शेवटी थेंबाथेंबाने. फिका गुलाबी रंग हलवूनही अर्धा मिनिट टिकला की थांबा. गडद गुलाबी म्हणजे तुम्ही पुढे गेलात.

समजा १०.४ मिली लागले. आम्लाचे मोल ०.०००५, ऑक्झॅलिक आम्लाचा एक मोल अल्कलीचे दोन मोल खातो, म्हणून अल्कलीचे ०.००१. भागिले ०.०१०४ लिटर: ०.०९६२ मोलर. बाटलीवर हाच आकडा लिहा आणि शेजारी तारीखही टाका, कारण बूच उघडत राहिले की तो हळूहळू खाली येतो.