फ्लायसाठी पिसं आणताना या चुका टाळा

मासे धरायला गळावर पिसं आणि दोरा बांधून जे नकली आमिष करतात, ती फ्लाय. ती बांधताना दोरा आवळला की पिसाची दांडी मध्येच मोडते. गुंडाळलेलं हॅकल, म्हणजे कोंबड्याच्या मानेवरचं पीस, चहूबाजूंनी उभं राहण्याऐवजी ओल्या कापसासारखं गळाला चिकटून बसतं. असं वारंवार होत असेल तर गाठीला दोष देऊ नका. दोष बहुतेक वेळा पिसात असतो, आणि तो पीस घरी येण्याआधीच ठरलेला असतो.

सोलापुरात फ्लाय बांधायच्या सामानाचं दुकान मला आजवर मिळालेलं नाही. माझी सगळी पिसं चिकनच्या दुकानातून आणि ओळखीच्या शेतकऱ्यांकडून येतात. इथे उत्तम माल मिळतो. फक्त पक्षी कोणता, महिना कोणता आणि सोलला कसा, हे बघावं लागतं.

बॉयलरच्या मानेत हॅकल शोधणं

बॉयलर साधारण सहा आठवड्यांत कापला जातो. एवढ्या वयात मानेवरची पिसं भरलेलीच नसतात. त्याचा मऊ पिसारा फ्लायच्या शेपटीला चालतो, पण हॅकलसाठी किमान वर्षभराचा गावरान कोंबडा हवा, पायामागचा काटा चांगला वाढलेला. पीस उजेडाकडे धरा. दांडीला लागून जो दाट मऊ पट्टा दिसतो, तो पाणी पितो. तो जितका अरुंद, तितकी फ्लाय जास्त तरंगेल. मग पीस वाकवून तंतू ओठाला लावा. टोचले पाहिजेत.

अमेरिकेत केवळ पिसांसाठी पिढ्यान्‌पिढ्या निवडून कोंबडे वाढवतात. त्यांच्या पाठीवरच्या एका लांब पिसात कितीतरी फ्लाय होतात. पण उजनीच्या फुगवट्यावर चिलापी माशासाठी बहुतेक वेळा फ्लाय पाण्याखालीच चालवायची असते, आणि तिथे गावरान कोंबडीचं मऊ पीसच छान हलतं. त्यासाठी परदेशी केप, म्हणजे पिसांसकट मानेचं कातडं, मागवण्यात पैसे घालवू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. शिवाय पिसं हा पशुजन्य माल, पार्सल कस्टममध्ये अडकू शकतं.

ड्रममधली पिसं उचलणं

गरम पाण्यात बुडवून यंत्रात फिरवलेल्या कोंबड्याची पिसं चिंब, पिळवटलेली आणि दांडीत मोडलेली असतात. भाजलेल्या कोंबड्याचा तर प्रश्नच नाही. आदल्या दिवशीच दुकानदाराला सांगून ठेवा: "भाऊ, उद्याचा कोंबडा पाण्यात घालू नका. पिसांसकट कातडं सोला आणि मानेमागचा भाग अख्खा ठेवा." सुरी गळ्याकडून फिरते, आपल्याला हवं असतं ते मानेमागचं कातडं. त्यामुळे ते शाबूत मिळतं, फक्त रक्ताने माखतं. ते रक्त थंड पाण्यानेच धुवायचं. गरम पाण्यात डाग पक्का बसतो.

आखाडात कोंबडे भरपूर कापले जातात, तेव्हा निवड करायला मिळते. भाद्रपद-आश्विनात मात्र पक्षी पिसं टाकत असतात. कातड्यात निळसर, रक्ताने भरलेल्या कोवळ्या दांड्या दिसल्या की ते घेऊ नका. मी थंडीतला कोंबडा सगळ्यात चांगला मानतो, नवी पिसं तोवर पूर्ण भरलेली असतात.

आजारी किंवा मेलेला पक्षी फुकट मिळाला तरी आणू नका. 2006 मध्ये नवापुरात बर्ड फ्लू आला होता, ते विसरून चालणार नाही.

कातडं उन्हात टाकणं

एप्रिलमध्ये आपल्याकडे पारा 42 अंशांवर जातो, तेव्हा गच्चीवर टाकलं की एका दिवसात वाळेल असं वाटतं. वाळतंही, पण आतली चरबी वितळून पिसांच्या बुडात उतरते, पिसं पिवळी पडतात आणि कातडं पापडासारखं वळतं. आधी बोथट सुरीने चरबी खरवडून काढा. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाने धुवा. मग पुठ्ठ्यावर पिसं खाली, कातडं वर असं पसरून टाचण्या लावा, किराणा दुकानातला टाकणखार भुरभुरा आणि पंख्याखाली सावलीत ठेवा.

त्यानंतरचा शत्रू म्हणजे कसर. ज्या घरात घोंगडी जपली आहे, त्या घराला हे वेगळं सांगायला नको. माझ्याकडे कडकनाथाचं कातडं होतं, काळ्यावर हिरवी झाक मारणारं. दिवाळीनंतर पिशवी उघडली तर तळाला बारीक रेतीसारखा चुरा, आणि पीस धरलं की अलगद हातात. डांबरगोळ्या घातलेल्या होत्या. तेव्हापासून नवीन आलेलं प्रत्येक कातडं दुहेरी पिशवीत बांधून आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवतो, दोन दिवस बाहेर काढतो आणि पुन्हा आठवडाभर आत. पहिल्या थंडीतून तगलेल्या अंड्यांतून अळी निघाली तर ती दुसऱ्या वेळी मरते.

सुताचा रंग पिसाला लावणं

सोलापुरात रंग हाताशी असतो, म्हणून ही चूक इथे सहज होते. मी पूर्व भागातल्या ओळखीच्या रंगाऱ्याकडून, अण्णांकडून, लाल रंग आणला. पिसं लिबलिबीत झाली, तंतू एकमेकांत अडकले. अण्णांना दाखवल्यावर ते म्हणाले, "अहो, हा टॉवेलच्या सुताचा. ह्याला कॉस्टिक लागतं. तुमचं पीस म्हणजे लोकरच की, लोकरीचा रंग मागायचा." सुताच्या व्हॅट रंगाला अल्कली हवा, आणि पीस अल्कलीत खराब होतं. पीस केराटिनचं असतं, त्याला अ‍ॅसिड रंग आणि व्हिनेगर लागतं. आधी साबणाने तेल काढा, पाणी उकळू देऊ नका, मंद आचेवर ठेवा.

रानातला पक्षी

तित्तीर, लावा, रानकोंबडा कुणी आणून देतो म्हणाला तर ठाम नाही म्हणा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हे पक्षी संरक्षित आहेत. नान्नजचं माळढोक अभयारण्य आपल्या शेजारी आहे, माळरानातून एकेक पक्षी कमी होत जाणं म्हणजे काय ते आपण बघतो आहोत. रानकोंबड्याच्या मानेवरच्या मेणासारख्या ठिपक्यांसाठी जगभरात फ्लाय बांधणारे वेडे होतात. तो ठिपका पाळीव गिनी फाउलच्या पिसावर पांढऱ्या नेलपॉलिशचा थेंब देऊनही जमतो.

मोरपीस गळून पडलेलं असेल तर देशात ठेवायला हरकत नाही, पण परदेशी मित्राला पाठवू नका, निर्यातीला बंदी आहे. घेताना बूड बघा. गळलेल्या पिसाचं बूड कोरडं आणि स्वच्छ असतं, उपटलेल्याच्या बुडाशी रक्त किंवा मांसाचा अंश राहतो. मोर पावसाळा सरताना पिसारा टाकतो, तेव्हा शेतकऱ्याला सांगून ठेवलं की बांधावरची पिसं मिळतात. तित्तिराच्या पिसाऐवजी मी तपकिरी गावरान कोंबडीच्या पाठीवरचं पीस वापरतो. चिलापी तेही तितक्याच जोरात घेते.