चिकन बिघडतंय ते चटणीमुळं नाही, पाण्यामुळं! पहिल्यांदा करताना या चुका टाळा

कोल्हापुरात राजारामपुरीत रूमवर राहायचो तेव्हा पहिल्यांदा चिकन केलेलं. अर्धा किलो चिकन, तांब्याभर पाणी, आणि रंग येईना म्हणून मूठभर चटणी. (बाहेरच्यांसाठी सांगतो, आमच्यात चटणी म्हंजे कांदा-लसूण मसाला, ताटात डावीकडं वाढतात ती नव्हे.) वर लाल पाणी, खाली पांढरे रबरी पीस, असा प्रकार झाला. आईला फोन लावला तर म्हणाली, "कोंबडीच्या अंगातच पाणी असतंय बाळा, तू कशाला ओतलास?"

तेव्हापासून माझं मत ठाम आहे, नवीन माणसाचं चिकन मसाल्यानं कमी आणि पाण्यानं जास्त बिघडतंय.

सुरुवात धुण्यापासून. बरेच जण धुतात आणि तसंच निथळतं चिकन कढईत टाकतात, मग ते परतलं जातच नाही, नुसतं उकडतंय. चाळणीत पाच-दहा मिनिटं ठेवा. आणि नळ जोरात सोडून धुवू नका, शिंतोडे शेजारच्या कोथिंबिरीवर उडतात, त्यातले जंतू पोटात गेले की दोन दिवस कामाला लागताय. चिकनचा पाट-सुरी साबणानं धुतल्याशिवाय त्यावर काकडी कापायची नाही. फ्रीझरमधलं असेल तर रात्रीच खालच्या खणात काढून ठेवा, आत बर्फ असलेला पीस बाहेरनं शिजतो आणि आत कच्चा राहतो.

मग हळद, मीठ, आलं-लसूण लावून अर्धा तास ठेवा. मीठ इथंच लावायचं, शेवटी रश्शात टाकलेलं मीठ पिसाच्या आत जात नाही.

आता मुख्य गोष्ट. तेलात कांदा लाल झाला की चिकन टाका, गॅस मोठा ठेवा, पाच-सात मिनिटं परता. मग झाकण ठेवून गॅस बारीक करा. पाण्याचा थेंब घालायचा नाही. दहा मिनिटांनी झाकण काढा, तळाला वाटीभर पाणी दिसेल, ते त्याचं स्वतःचं. सुक्कं करायचं असेल तर ह्यातच शिजतंय, शेवटी झाकण काढून आटवा. रस्सा पाहिजे असेल तर आता पाणी घाला, पण उकळतं. गार पाणी ओतलं की उकळी मोडते, चव पांचट होते आणि वर तर्री नीट येत नाही. शेजारच्या शेगडीवर पातेलं ठेवायला काय जातंय?

चटणी करपणं ही दुसरी मोठी चूक. तापलेल्या तेलात डायरेक्ट चटणी टाकली की दहा सेकंदात काळी होते, सगळी रूम खोकत गॅलरीत, आणि रस्सा कडू. गॅस बारीक करा, चटणी टाका, लगेच दोन चमचे पाणी शिंपडा आणि मग परता. करपलीच तर वाचवायला जाऊ नका, गूळ घालून कडवटपणा जात नाही. ते तेल टाकून द्या, परत फोडणी करा. आणि रंगासाठी चटणी वाढवत बसू नका राव, अर्ध्या किलोला दोन चमचे बास, रंग पाहिजे तर ब्याडगी मिरचीची पूड घाला, ती दिसायला लाल आणि तिखटाला कमी.

खोबरं, तीळ, कांदा, लसूण भाजून केलेलं वाटण कडेनं तेल सुटेस्तोवर परतायचं. कंटाळा करून लवकर पाणी घातलं की कच्च्या कांद्याचा वास शेवटपर्यंत राहतो, मग कितीही कोथिंबीर टाका.

किती शिजवायचं? ब्रॉयलर असेल तर कढईत 20-25 मिनिटं पुरे, कुकरला लावायचंच असेल तर एकच शिट्टी, चार केल्या की हाडं एकीकडं आणि धागे एकीकडं. गावठीचं उलटं, तिला चार-पाच शिट्ट्या लागतात. सगळ्यात जाड पीस मोडून बघा, मांस हाडापासून सहज सुटलं आणि आत गुलाबी चिकट दिसलं नाही की झालं. थर्मामीटर असलाच कुणाकडं तर पिसाच्या आत 74 डिग्री सेल्सिअस.

बिघडलंच तर? खारट झालं तर बटाट्यावर फार भरवसा ठेवू नका, तो मीठ शोषतो म्हंजे रस्सा शोषतो तेवढंच, त्यापेक्षा गरम पाणी आणि बिनमिठाचं थोडं वाटण वाढवा. तिखट झालं तर नुसतं पाणी नको, खोबऱ्याचं वाटण घाला. पातळ झालं तर झाकण काढून उकळत ठेवा, मैदा-कॉर्नफ्लॉवर घालून त्याचं सूप करू नका, प्लीज.

पांढऱ्या रश्शाच्या नादाला पहिल्याच रविवारी लागू नका. लागलात तर नारळाचं दूध सगळ्यात शेवटी, बारीक गॅसवर, ढवळत. खदखदून उकळी आली की फाटतंय आणि वर चोथा तरंगतोय. माझा दोनदा फाटलाय, दोन्ही वेळा मी मॅच बघत होतो.

उरलेलं रात्रभर ओट्यावर ठेवू नका, निवलं की फ्रीजमध्ये. सकाळी चांगली उकळी आणून तांबडा रस्सा ब्रेडबरोबर खा, आमच्या रूमवर त्याच्यासाठी भांडणं व्हायची.