ब्युरेटचं रीडिंग जुळत नाही? या चुका टाळा

जुलै महिना. बाहेर धो-धो पाऊस, खिडक्या लावलेल्या, त्यात वीज गेलेली. अशा दिवशी बारावीचं टायट्रेशन (ब्युरेट म्हणजे खुणा असलेल्या उभ्या नळीतून द्रावण थेंबथेंब सोडून मोजणं) लावलं की सीबीआर, म्हणजे लागोपाठ तेच येणारं ब्युरेट रीडिंग, काही केल्या येत नाही. रत्नागिरीकडे वर्षानुवर्षं पोरांच्या वह्या तपासून सांगतो, दोष द्रावणाचा क्वचितच असतो.

"सर, मेनिस्कसचा तळ दिसतच नाय!"

मेनिस्कस म्हणजे नळीतल्या द्रावणाचा वाकलेला पृष्ठभाग. त्याचा तळ दिसणार कसा? ब्युरेटमध्ये परमँगनेट आहे. एवढ्या गडद जांभळ्या द्रावणात वरची कड वाचायची. रंगहीन द्रावणात खालचा तळ. सुरुवातीला तळ आणि शेवटी कड असं मात्र करू नका. अंधार असेल तर मागे पांढरा कागद धरा, मोबाइलचा टॉर्च त्या कागदावर पाडा.

खरी गोम नजरेच्या उंचीत आहे. स्टँड ओट्यावर, त्यामुळे शून्याची खूण बुटक्या पोरांच्या कपाळाच्याही वर. ती खालून बघूनच शून्य लावतात. खालून पाहिलं की ब्युरेटचा आकडा मोठा दिसतो, म्हणजे 0.0 वाटतं तेव्हा द्रावण खुणेच्या थोडं वरच असतं. शेवटचं रीडिंग घेताना तीच पोरं वरून डोकावतात आणि आकडा लहान दिसतो. दोन्ही चुका एकाच बाजूला पडतात: खरं 10.0 मिली गेलेलं असतं, वहीत 9.8. (मेजरिंग सिलिंडरचे आकडे खालून वर चढतात, तिथे वरून पाहिलं तर कमी भरतं.) सरळ स्टँड खाली स्टुलावर ठेवा. ओट्यावरच ठेवला पाहिजे असा काही कायदा नाही.

भरून झाल्यावर फनेल काढा, नाहीतर त्यातला थेंब मध्येच टपकतो. कॉकखालच्या (तोटीखालच्या) टोकात हवेचा बुडबुडा राहिला असेल तर तो आधी धार सोडून घालवा. बीकरवरच्या रेघा अंदाजापुरत्या, त्यावर मोजमाप करू नका.

पिपेटमधला (ठरावीक माप उचलायच्या नळीतला) शेवटचा थेंब फुंकून काढायची पोरांना भारी हौस. साध्या एका खुणेच्या पिपेटमध्ये तो थेंब आतच राहणार हे धरूनच खूण केलेली असते. टोक फ्लास्कच्या भिंतीला टेकवा, थोडं थांबा, उचला.

आणि काचेवर छापलेलं 20° किंवा 27° से. नुसतं शोभेला नसतं, खूण त्या तापमानासाठी केलेली असते. 20° चं लिटरभर पाणी 32° ला सुमारे 3 मिलीने फुगतं. ऑक्झॅलिक ॲसिड गरम पाण्यात विरघळवलंत तर खुणेपर्यंत भरण्याआधी ते निवू द्या.