महाडीबीटीचा अर्ज भरण्याआधी

शिष्यवृत्तीसाठी राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करायचाय? आधी बँकेत जा. दाखले, फोटो, गुणपत्रिका सगळं नंतर. तुमचं आधार आज नेमकं कोणत्या खात्याला जोडलेलं आहे, ते आधी बघून घ्या.

माझा अर्ज पहिल्या वर्षी मंजूर झाला होता. मी निर्धास्त होते. पैसे मात्र निघाले ते मी आठवीत असताना उघडलेल्या, केव्हाच बंद पडलेल्या खात्याकडे आणि अडकले. अर्जात नवा खाते क्रमांक असून काही उपयोग झाला नाही, कारण डीबीटीची, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येणारी, रक्कम आधार ज्या खात्याला जोडलंय तिथेच जाते. फी भरायला बाबांनी आंब्याच्या व्यापाऱ्याकडून पुढच्या हंगामाची उचल घेतली. ती फिटेपर्यंत घरात काय चाललं होतं, ते मी पाहिलंय.

म्हणून नीट ऐका. केवायसीला आधारची झेरॉक्स दिली म्हणजे सीडिंग (डीबीटीसाठी खात्याला आधार जोडणं) झालं, असं नाही. ‘डीबीटीसाठी याच खात्याला आधार जोडा’ असं लेखी द्या, पोच घ्या, आणि काही दिवसांनी आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ उघडून बँकेचं नाव स्वतः वाचा. काउंटरवरचा माणूस ‘झालंय’ म्हणाला, एवढ्यावर परत फिरू नका.

आधारला कोणाचा मोबाइल नंबर आहे तेही बघा. आमच्याकडे निम्म्या घरांत तो मुंबईच्या काकांचा असतो. ओटीपी तिकडे जातो आणि काका कामावर असतात.

उत्पन्नाचा दाखला तहसीलचाच लागतो. त्यावरची मुदत वाचा, मुदत संपलेला चालत नाही. तलाठ्याकडे एप्रिलमध्येच जा, गणपतीत कोणी भेटणार नाही. राजर्षी शाहू शिक्षण शुल्क योजनेला उत्पन्नाची मर्यादा 8 लाख आहे, अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला 2.5 लाख. उत्पन्न खरं तेच लिहा. स्वयंघोषणेवर सही तुमची असते आणि खोटं निघालं तर वसुलीही तुमच्याकडूनच होते. रहिवासी दाखला, जातीचा दाखला हे माहीत आहेच. जात वैधतेला मात्र वेळ लागतो, ती बारावीतच सुरू करा.

पंजाबराव देशमुख निर्वाह भत्त्यासाठी अल्पभूधारकाचा दाखला हवा असेल तर सातबारा आधी काढा. कोकणात एकेका सातबाऱ्यावर चुलत्यांची वीस नावं असतात. बाबांचा हिस्सा किती, हे तलाठ्याला समजावण्यात आमचे दोन आठवडे गेले.

आता हक्काचं. राजर्षी शाहू योजनेत शिक्षण शुल्क निम्मं माफ आहे. आणि 2024-25 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना कॅपमधून (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) प्रवेश घेतलेल्या, 8 लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. तरी कोणी पूर्ण फी मागितली तर शासन निर्णयाची प्रत पुढे ठेवा आणि जे भराल त्याची पावती घ्या. घाबरून गप्प बसू नका. सेतूत अर्जाची पोच मागा, 2015 च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने दाखल्याला मुदत घालून दिलेली आहे.

अर्ज ‘सबमिट’ केल्यावर दर आठवड्याला लॉगिन करा. परत आला तर शेरा वाचा, दुरुस्त करा, पुन्हा पाठवा. गावात रेंज नसेल तर एसटी स्टँडवर जाऊन करा, पण करा. पैसे आले की त्यातली फीची रक्कम कॉलेजात भरा, ती खर्चायची नाही. एकाच खर्चासाठी दोन शिष्यवृत्त्या घेऊ नका. पुढच्या वर्षी नूतनीकरण, तेही मुदतीत. हजेरी सांभाळा.

आणि मधे कुठे नवं खातं उघडलंत, तर सीडिंग पुन्हा तपासा. बँक आधार मागतेच, आणि कुठल्या खात्याला काय जोडलं गेलं ते आपल्याला कळतही नाही.