हरणांना न आवडणारं ग्राउंड कव्हर लावताना या चुका टाळा

न्यू जर्सीत दर मे महिन्यात हाच खेळ होतो. मेपलखाली गवत धरत नाही, म्हणून ग्राउंड कव्हर, म्हणजे जमीन झाकणारी बुटकी झाडं हवीत, असं ठरवून डझनभर होस्टा आणल्या जातात. सावलीत वाढतात, पानं रुंद, दिसायलाही छान. जूनमधल्या एखाद्या सकाळी मागचं दार उघडावं तर नुसती देठं उभी, जुडीची पानं खुडून घेतल्यावर उरतात तशी. होस्टा म्हणजे पांढऱ्या शेपटीच्या हरणांची पालेभाजी. अंड्याच्या वासाचा फवारा मारून ती वाचते, पण तो पानं उलगडायला लागल्यापासून, दर तीन-चार आठवड्यांनी आणि मोठ्या पावसानंतर पुन्हा मारावा लागतो. एकदा चव लागल्यावर मारलेला फवारा फारसा उपयोगी पडत नाही. एवढी शिस्त जमणार नसेल तर होस्टाच्या वाटेला जाऊ नका.

चोर न ओळखता उपाय करणं ही दुसरी नेहमीची चूक. हरणाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. ते देठ कापत नाही, ओढून तोडतं, म्हणून टोक फाटकं आणि दोरे निघालेलं दिसतं. सशाचा चावा चाकूने तिरपा छेद दिल्यासारखा स्वच्छ असतो. पानाला मधेच भोकं आणि शेजारी चकाकणारा माग असेल तर बिनशंखाची गोगलगाय. आधी तुटलेलं टोक बोटांत धरून बघा, मग दुकानात जा.

‘डिअर रेझिस्टंट’ (हरणं सहसा खात नाहीत) हे लेबल वाचून निर्धास्त होऊ नका. रटगर्स विद्यापीठाच्या यादीत झाडांचे चार गट आहेत: ज्यांना हरणं क्वचितच तोंड लावतात तिथपासून ज्यांचा वारंवार फडशा पाडतात तिथपर्यंत. कुंपण नसलेल्या अंगणात पहिल्या गटाबाहेर जायचंच नाही, हा आमचा हट्ट. तरीही फेब्रुवारी-मार्चमध्ये बर्फाखाली चारा संपला की भुकेलं हरीण यादी बघत नाही.

सावलीत पॅकिसँड्रा, हेलेबोर, ख्रिसमस फर्न. मेपलच्या मुळांतल्या कोरड्या सावलीत एपिमिडियम. उन्हात, पाणी न साचणाऱ्या मातीत क्रीपिंग थाइम किंवा लवदार पानांचं लॅम्ब्स इअर. उग्र वास, लव, चिवटपणा किंवा विष, यातलं एखादं तरी पानात हवं. वाइल्ड जिंजरही हरणं सहसा सोडतात, मात्र नावात आलं आहे म्हणून ते चहात टाकू नका; त्यातलं ॲरिस्टोलोकिक ॲसिड मूत्रपिंडाला घातक आहे.

‘व्हिंका’ मागताना पूर्ण नाव सांगा. इथल्या नर्सरीत आपल्या सदाफुलीलाही व्हिंकाच म्हणतात, आणि ती पहिल्या कडक थंडीत संपते. जमिनीवर पसरणारी आणि हिवाळाभर हिरवी राहणारी ती व्हिंका मायनर. तीसुद्धा रानाला लागून असलेल्या घरांनी लावू नये, कुंपण ओलांडून आत घुसते.

आता सगळ्यात महागात पडणारी घाई. दहा फूट बाय दहा फुटांच्या वाफ्यासाठी पॅकिसँड्राची पन्नास रोपं आणायची, दीड-दीड फुटावर खोचायची आणि वर्षभरात गालिचा होईल म्हणून वाट बघायची. होतं असं की मधल्या उघड्या मातीत तण उगवतं, ते उपटताना पॅकिसँड्राची कोवळी मुळंही हलतात, आणि दुसऱ्या उन्हाळ्यात तणच जास्त दिसतं. हिशेब सोपा आहे: 100 चौरस फुटांना 12 इंचांवर 100, 8 इंचांवर 225 आणि 6 इंचांवर 400 रोपं लागतात. पॅकिसँड्राला 8 इंच ठीक. पन्नासच परवडत असतील तर वाफ्याचा एक कोपरा, साधारण 22 चौरस फूट, दाट भरा आणि बाकी जमीन आच्छादनाखाली ठेवा. पुढच्या वर्षी पुढे सरका. आच्छादन दोन इंच, रोपाच्या मानेपासून थोडं लांब. भर उन्हात मात्र पॅकिसँड्रा लावूच नका, पानं पिवळी पडतात.

काही चुका एकेका ओळीत. पुदिना हरणं टाळतात, पण मोकळ्या वाफ्यात लावलात तर त्याची मुळं सगळीकडे धावतील; कुंडीतच ठेवा. बिशप्स वीड हे तसंच सगळीकडे पसरणारं झाड कुणी फुकट दिलं तरी घेऊ नका. इंग्लिश आयव्ही हिवाळ्यात हरणं खातात आणि उन्हाळ्यात ती झाडांवर चढते, म्हणजे दोन्हीकडून तोटा. साबणाच्या वड्या टांगून फायदा झालाच तर वडीभोवती हातभर.

नवीन रोप हरणांना आवडत नसलं तरी ते एकदा चाखून बघतात, आणि मूळ धरलेलं नसल्याने रोप मातीच्या गोळ्यासकट वर येतं. पान तोंडातून टाकून हरीण निघून जातं, रोप मात्र उन्हात पडून वाळतं. पहिले सहा-आठ आठवडे वाफ्यावर प्लॅस्टिकची जाळी अंथरा, कडा खुंट्यांनी दाबा, पानं जाळीतून वर यायला लागली की जाळी काढा. रोज सकाळी एक फेरी मारा. उपटलेलं रोप तासाभरात परत खोचून, माती पायाने दाबून भरपूर पाणी घातलं तर बहुतेकदा जगतं.