चार टेकड्यांची वारी: आधी पासपोर्ट

पासपोर्ट. आणि रेसिडेन्स परमिटचं कार्ड. खरंखुरं, फोनमधला फोटो नव्हे. आत्ता उठा, दोन्ही बॅगेच्या पुढच्या कप्प्यात टाका, मग बाकीचं बोलू.

फोर हिल्स म्हणजे चार टेकड्या, ही स्की जंपिंगची, म्हणजे पायात स्की घालून उतारावरून लांब उडी मारण्याची स्पर्धा, १९५३ साली सुरू झाली. २९ डिसेंबरच्या आसपास ओबर्स्टडोर्फ, १ जानेवारीला गार्मिश, ३ किंवा ४ तारखेला इन्सब्रुक आणि ६ला बिशोफ्सहोफेन. पहिल्या दोन टेकड्या जर्मनीत, पुढच्या दोन ऑस्ट्रियात. म्यूनिकमध्ये राहून दरवर्षी टीव्हीसमोर बसणाऱ्या मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण गार्मिशला मुक्काम होता आणि तिथून इन्सब्रुक म्हणजे दीड तासाची लोकल. आपण दुसऱ्या देशात चाललोय हे डोक्यातच आलं नाही. जाताना कुणी विचारलंही नाही. येताना हद्दीजवळच्या मिटेनवाल्ड या जर्मन स्टेशनात पोलीस गाडीत चढले. जर्मनीने २०१५पासून ऑस्ट्रियाच्या हद्दीवर तपासणी परत सुरू केली आहे, आणि माझी दोन्ही कागदपत्रं म्यूनिकच्या कपाटात. मी फोटो दाखवला. त्यांनी तो अगदी नम्रपणे पाहिला आणि तितक्याच नम्रपणे मला खाली उतरवलं. नवरा कार्ड घेऊन पोचेपर्यंत मध्यरात्र उलटली होती. त्याच्या चेहऱ्याकडे बघून बिशोफ्सहोफेनचं नाव काढायची माझी हिंमत झाली नाही. ती तिकिटं अजून फ्रिजवर मॅग्नेटखाली आहेत.

असो. तिकिटं दिवाळीचा फराळ संपायच्या आत काढा. उभ्याची घ्या, स्वस्त पडतात आणि खरी मजा तिथेच. ओबर्स्टडोर्फला त्या आठवड्यात खोलीचं भाडं बघून डोळे पांढरे होतात, म्हणून त्याच रेल्वेमार्गावरच्या सोंटहोफेनला किंवा इमेनश्टाटला शोधा.

प्रत्येक ठिकाणी एक दिवस आधी पोचा आणि पात्रता फेरी चुकवू नका. या स्पर्धेची गंमत तिथूनच सुरू होते. पात्र ठरलेले ५० जण जोड्यांनी भिडतात: पहिला विरुद्ध पन्नासावा, दुसरा विरुद्ध एकोणपन्नासावा, असे. २५ जिंकलेले पुढे जातात, आणि हरलेल्यांपैकी सर्वांत चांगले पाच. म्हणजे भलाभला गडी एका फसलेल्या उडीने घरी जाऊ शकतो. जोड्यांची यादी हाताशी ठेवा, नाहीतर चाळिसाव्या क्रमांकाच्या पोरासाठी शेजारचे का बोंबलतायत ते कळत नाही. सगळ्यात लांब उडी मारणारा जिंकतोच असंही नाही. पाच पंच उडीच्या शैलीला गुण देतात, त्यातले सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी वगळतात. उडी लांबवणारा समोरचा वारा मिळाला तर गुण कापतात, पाठीमागून असला तर वाढवून देतात. शेवटचा विजेता चारही टेकड्यांच्या बेरजेवर ठरतो. २००५-०६मध्ये यान्ने आहोनेन आणि याकुब यांडा यांची बेरीज तंतोतंत सारखी आली आणि दोघेही विजेते झाले. चारही टेकड्या एकाच हंगामात जिंकणारा पहिला स्वेन हानावाल्ड, २००१-०२चा. पुढे कामिल स्टोख आणि र्योयू कोबायाशी यांनीही ते जमवलं.

स्वेटर, कानटोपी, हातमोजे सांगायला नकोत. पाय मात्र सांगते. तुडवून दगड झालेल्या बर्फावर तीन-चार तास उभं राहायचं असतं आणि थंडी तळव्यातून चढते. एक जाड पुठ्ठा न्या आणि त्यावर उभे राहा. लोक हसतील, अर्ध्या तासाने तुकडा मागतील.

३१ला दुपारीच दुकानं बंद होतात आणि १ला उघडत नाहीत, तेव्हा दशम्या, चटणी, काहीतरी बरोबर असू द्या. गार्मिशची स्पर्धा दुपारची असते. रात्री फटाके बघत जागलात तरी सकाळी उठायचंय.

इन्सब्रुकला जाताना पासपोर्ट. परत सांगते, पासपोर्ट आणि कार्ड. इथल्या बेर्गिझेल टेकडीवरचा उडीचा मनोरा वास्तुकार झाहा हदीद यांनी केलेला, बघत राहावा असा. टेकडी शहराच्या डोक्यावर आहे, आणि उडी मारणाऱ्याला समोर खाली दिसतं चक्क कब्रस्तान. इथला वारा बेभरवशाचा. डोंगर उतरून येणारा फ्योन नावाचा गरम वारा सुटला की सगळं ठप्प. २००८ आणि २०२२मध्ये इथली स्पर्धा रद्द करून बिशोफ्सहोफेनला घ्यावी लागली होती. म्हणून पुढची खोली फुकटात रद्द करता येईल, तारीख हलवता येईल अशीच घ्या आणि मधला एक दिवस मोकळा ठेवा.

आता इन्सब्रुक ते बिशोफ्सहोफेन. दोन्ही ऑस्ट्रियात, मग कार्ड खोलीवर ठेवलं तर काय बिघडतं? ठेवू नका! साल्झबुर्गवरून जाणारी जलद गाडी मध्येच जर्मनीतून जाते. नकाशा बघा, पटेल.

बिशोफ्सहोफेनला ६ तारखेची सुट्टी असते, गर्दी प्रचंड. गाव छोटं, खोली नाही मिळाली तर साल्झबुर्गला राहा. पुठ्ठा, दशम्या, सगळं तेच. सोनेरी गरुडाचा चषक देईपर्यंत थांबा, पण शेवटची गाडी आधी पाहून ठेवा.

आणि म्यूनिकची परतीची गाडी हद्द ओलांडली की फ्राइलासिंगला थांबते. तिथेही तपासतात. कार्ड.