३१ तारखेचा हप्ता : दर महिन्याच्या तारखा कोडमध्ये लिहिताना

क्रॉन (ठरल्या वेळी कमांड चालवणारी सोय), टाइमझोन आणि एखादी डेट लायब्ररी तुम्हाला येते असं धरून चालतो. शेड्युलिंगचं काम पहिल्यांदा हातात आलं की बहुतेक जण क्रॉनच्या ओळीपासून सुरुवात करतात. माझं म्हणणं, आधी ३१ तारखेकडे बघा. मी इथेच फसलो होतो, म्हणून यावर जरा जास्तच बोलणार आहे.

समजा, कर्जाचा पहिला हप्ता ३१ जानेवारी २०२५ ला आहे. सहज सुचणारा कोड असा: मागच्या हप्त्याची तारीख घ्या, एक महिना मिळवा, सेव्ह करा. ३१ जानेवारीत एक महिना मिळवला, २८ फेब्रुवारी आली. ठीक. त्यात आणखी एक मिळवला, २८ मार्च आली. इथे घात झाला. पुढे २८ एप्रिल, २८ मे, अशीच रांग लागते. ही २८ मुळात ३१ होती हे कुठेच लिहिलेलं नाही, त्यामुळे ३१ परत येत नाही. एरर नाही, लॉगमध्ये काही नाही. जूनमध्ये लिहिलेल्या कोडच्या टेस्ट फेब्रुवारीपर्यंत हिरव्याच, म्हणजे पास, राहू शकतात.

मूळ तारखेला हात लावायचा नाही. टेबलमध्ये मूळ तारीख आणि हप्त्याचा क्रमांक ठेवा आणि दर वेळी मुळापासून मोजा: ३१ जानेवारी अधिक २ महिने म्हणजे ३१ मार्च, अधिक ३ म्हणजे ३० एप्रिल, अधिक ४ म्हणजे ३१ मे. ‘पुढची तारीख’ हा कॉलम क्वेरी जलद व्हावी म्हणून खुशाल ठेवा, पण त्यावरून पुढचं गणित करू नका.

सुट्टीमुळेही हेच होतं. ३१ ऑगस्ट २०२५ ला रविवार, म्हणून हप्ता सोमवारी १ सप्टेंबरला गेला. त्या १ तारखेत महिना मिळवला की १ ऑक्टोबर येते. खरी तारीख ३० सप्टेंबर. ढकललेली तारीख वेगळ्या कॉलममध्ये ठेवा. आणि ‘शनिवारी बँक बंद’ असं सरसकट लिहू नका. १ सप्टेंबर २०१५ पासून फक्त दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टीचा आहे.

लायब्ररी बदलली की उत्तरही बदलतं. जावाचं प्लसमंथ्स आणि पायथनचं रिलेटिव्हडेल्टा २८ फेब्रुवारीवर थांबतात. जावास्क्रिप्टचं सेटमंथ आणि पीएचपीचं ‘अधिक एक महिना’ थेट ३ मार्चला जाऊन पडतात, फेब्रुवारी गायब. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये नुसती बेरीज बरोबर येते, पण जनरेट सिरीजला (तारखांची मालिका काढणारं फंक्शन) एक महिन्याची पायरी दिली की तेही २८ मार्चवर घसरतं. त्यापेक्षा आकड्यांची मालिका काढून तिने महिन्याला गुणा आणि ते मूळ तारखेत मिळवा. आयकॅलेंडर या कॅलेंडर-फॉरमॅटच्या आरआरूलमध्ये (पुन्हा पुन्हा येण्याचा नियम) महिन्याचा दिवस ३१ दिला तर वर्षात सातच तारखा मिळतात, बाकीचे महिने वगळले जातात. महिनाअखेर हवी तर उणे १ द्या. ‘३० तारीख, नसेल तर महिनाअखेर’ हवं असेल तर २८, २९, ३० तिन्ही द्या आणि बायसेटपॉस (मिळालेल्या तारखांपैकी कितवी घ्यायची) उणे १, म्हणजे शेवटची, ठेवा. यातलं काय हवं, हे ग्राहकाला विचारून लेखी घ्या. तो निर्णय प्रोग्रामरचा नाही.

‘सगळं यूटीसीत (जगाच्या प्रमाण वेळेत) ठेव, प्रश्न मिटला’ असं सांगणारे सीनियर भेटतील. होऊन गेलेल्या घटनांसाठी ते खरं आहे. पुढे पुन्हा पुन्हा येणाऱ्या वेळेसाठी नाही. न्यूयॉर्कची घड्याळं उन्हाळ्यासाठी एक तास पुढे करतात, म्हणून तिथली सकाळी ९ ची मीटिंग पुण्यात हिवाळ्यात संध्याकाळी ७:३० ला, उन्हाळ्यात ६:३० ला येते. हिवाळ्यात ती १४:०० यूटीसी म्हणून साठवली, तर ९ मार्च २०२५ पासून तिथल्या लोकांना ती १० वाजता दिसली असती. स्थानिक वेळ आणि झोनचं नाव, दोन्ही साठवा. आपली घड्याळं वर्षभर यूटीसीच्या साडेपाच तास पुढेच असतात, म्हणून भारतात बसून केलेल्या टेस्टमध्ये हे दिसत नाही.

क्रॉनबद्दल थोडक्यात: महिन्याचा दिवस १३ आणि वार शुक्रवार, दोन्ही दिले तर जॉब दर १३ तारखेला चालतो आणि दर शुक्रवारीही. टक्क्याच्या चिन्हाआधी उलटी तिरकी रेघ हवी, नाहीतर कमांड तिथेच तुटते. नेटवरून उचललेल्या ओळींत ती बऱ्याचदा नसते.

घाबरू नका, गणित अवघड नाही. मोजक्या तारखा टेस्टमध्ये कायमच्या घाला: २०२४ आणि २०२५ ची ३१ जानेवारी, ३० जानेवारी, दरवर्षी येणाऱ्या तारखांसाठी २९ फेब्रुवारी, न्यूयॉर्कसाठी ९ मार्च २०२५ ची पहाटे २:३०, जी घड्याळात आलीच नाही, आणि २ नोव्हेंबरची रात्री १:३०, जी दोनदा आली.

आणि संकष्टीचं रिमाइंडर करायला सांगितलं, तर ‘दर इतक्या दिवसांनी’ असा नियम शोधत बसू नका. ती चंद्रोदयाच्या वेळच्या तिथीवर ठरते, आणि २०२६ सारख्या वर्षी मध्ये अधिक ज्येष्ठही येतो. पंचांगातून तारखांचा तक्ता भरा आणि पुढच्या वर्षीचा तक्ता भरायची आठवणही त्याच सिस्टीममध्ये लावून ठेवा.